जिवंत धरणारे

पाठ : लूक ५ : १–११, योहान २१ : १–१४



मृगाचे पहिले पाणी सती नदीच्या पात्रात उतरले म्हणजे कुरखेड्याच्या आसपासच्या खेड्यांत कोणाचेही चित्त घरात राहत नाही. उन्हाळाभर जी नदी वाळूत तोंड लपवून पडलेली असते, ती एका रात्रीत गढूळ होऊन वाहू लागते. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेस जाळे, गळ, बांबूच्या कामट्यांचे सापळे घेऊन लहानथोर काठावर जमतात. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे कालवण ह्याच पाण्यातून येते. यास्तव मासे धरण्याचे कौशल्य कसे वाढवावे ह्या गोष्टीविषयी आज आम्ही आपल्याशी बोलणार आहो. पाळकाने असल्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, प्रभूने निवडलेल्या बारा जणांपैकी निदान चौघे ह्याच धंद्यातील होते, आणि त्याने त्यांस पाचारण केले ते त्यांच्या नावांजवळ व जाळ्यांजवळ जाऊन केले.

प्रथम गनेसरेत सरोवराच्या काठी जाऊ. हे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब व १२ किलोमीटर रुंद असून त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षाही दोनशे मीटरांहून अधिक खाली आहे. १९८६ साली अवर्षणामुळे त्याचे पाणी ओसरले, तेव्हा चिखलात रुतलेली एक जुनी नाव सापडली. ती प्रभूच्या काळाच्या आसपासची असून तिची लांबी सुमारे आठ मीटर आहे. विद्वानांनी ती तपासली तेव्हा असे दिसून आले की, ती अनेक जातींच्या लाकडांची असून ठिकठिकाणी तुकडे जोडून पुनःपुन्हा दुरुस्त केलेली आहे. एकाच झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा ज्यांनी वैनगंगेवर वल्हविला आहे, त्यांस त्या ठिगळांचा अर्थ सांगावयास नको. पेत्र व त्याचे सोबती हे असेच लोक होते. मोडलेले टाकून देण्याची त्यांस सवड नव्हती. याकोब व योहान ह्यांस प्रभूने हाक मारिली तेव्हाही ते आपली जाळी नीट करीत बसले होते.

लूक सांगतो की, शिमोनाने व त्याच्या सोबत्यांनी रात्रभर कष्ट केले आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही. रात्रीच का, हेही समजून घ्यावे. आपण ज्या जवसाचे तेल काढतो, त्याच झाडाच्या तंतूंचे सूत त्या काळी जाळ्यांस वापरीत. असले जाळे दिवसाच्या उजेडात, स्वच्छ पाण्यात माशांस दिसते व ते दूर सरतात. म्हणून जाणता कोळी रात्री जाळे टाकी आणि सकाळी ते धुऊन वाळत घाली. अशा वेळी एक सुतार नावेत बसतो आणि भर दिवसा खोल पाण्यात जाळी सोडावयास सांगतो! शिमोनाच्या जागी आम्ही असतो तर हसलो असतो. परंतु शिमोनाने आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आणि मग प्रभूच्या शब्दावरून जाळी सोडिली. तो धंद्यात मुरलेला होता, तरी शिकविला जाण्यास सिद्ध होता. आमच्या मते सर्व कौशल्याचा पहिला पाया हाच होय. जो शिकू इच्छित नाही त्यास चांगला गळ मिळाला तरी त्याचा उपयोग नाही.

येथे आम्हास स्वतःची एक गोष्ट कबूल करावी लागते. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ महिन्यात एका खेड्यात एका बालकाचा बाप्तिस्मा होता. संध्याकाळी जेवणास माशांचे कालवण होते, आणि ते उन्हाळ्याच्या मानाने फारच भरपूर होते. पोरांच्या बोलण्यावरून आम्हास कळले की, आदल्या रात्री गावच्या तरुणांनी नदीच्या डोहात शेतात फवारण्याचे औषध ओतले होते. आम्हास ते कळले, आणि कळूनही आम्ही आशीर्वाद मागून जेवलो. यजमानाचे मन मोडू नये असे आम्ही स्वतःस सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या डोहावरून आमची वाट होती. काठाच्या कडेने बोटाच्या पेराएवढी पिल्ले पांढरी पोटे वर करून पडली होती. त्यांची गणती नव्हती. गावातील बाया घागरी घेऊन आल्या होत्या, पण पाण्यास हात लावीत नव्हत्या. त्या दूर वाळूत झिरा उकरीत होत्या. तेथे एक म्हातारा ढिवर उभा होता. तो आपल्या मंडळीतील नव्हे. तो रागावला नाही. तो म्हणाला, "पाद्रीबाबा, आजचं पोट भरलं, पन उद्याचं पोट मारलं." आम्हाजवळ उत्तर नव्हते. पुढल्या रविवारी आम्ही ह्याविषयी उपदेश करावयास हवा होता. आम्ही दुसराच पाठ घेतला. ही आमची भीरुता होती, आणि आज हा लेख लिहिताना ती आम्हास सलते.

पुढे काही महिन्यांनी धीर करून आम्ही त्या म्हाताऱ्याकडे गेलो आणि म्हटले, "काका, आम्हाला गळ टाकायला शिकवा." तो हसला. पवित्र शास्त्रातील कोळ्यांविषयी आम्ही धर्मशिक्षणाच्या शाळेत पुष्कळ वाचले होते. गळाला दोर बांधता येत नव्हता. त्याने जे शिकविले ते आम्ही येथे क्रमाने सांगतो, कारण ते ज्ञान लपवून ठेवण्यासारखे नाही.

पहिली गोष्ट, पाणी वाचावयास शिकावे. नवशिका मनुष्य पाणी दिसेल तेथे गळ टाकतो आणि मग दैवास बोल लावितो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? मासा सर्व नदीभर सारखा पसरलेला नसतो. तो बहुधा प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण त्याचा घास व त्याचा श्वास ही दोन्ही वाहत्या पाण्याबरोबर समोरून येतात. परंतु जोराच्या धारेत सतत पोहणे त्यासही परवडत नाही. म्हणून जेथे धार व संथ पाणी ह्यांची शीव असते तेथे तो थांबतो : मोठ्या खडकाच्या मागे, वळणावर काठ पोखरला गेला असेल तेथे, अर्जुनाच्या व जांभळीच्या मुळ्या पाण्यात उतरल्या असतील तेथे, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे. अर्धी घटका काठावर बसून नुसते पाहावे, मग गळ काढावा.

दुसरी गोष्ट, आपण स्वतः दिसू नये व ऐकू येऊ नये. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस डोक्याकडून शेपटीकडे जाणारी एक रेषा असते. तिच्या योगाने त्यास पाण्यातील बारीकसा हेलकावाही कळतो. काठावर पाय आपटला तर पाण्यातून हलणारा धक्का त्यास आपल्या आधी पोहोचतो. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, माशाच्या मागून, हलक्या पावलाने जावे. सूर्य समोर असावा, म्हणजे आपली सावली मागे पडेल. ती पाण्यावर पडली तर त्या जागी त्या दिवशी काही आशा धरू नये.

तिसरी गोष्ट, वेळ ओळखावी. उन्हाळ्यात भर दुपारी मासे खोल व सावलीच्या पाण्यात दडून बसतात. पहाटेस व दिवस मावळताना ते चरावयास निघतात. पाणी गढूळ झाले असता डोळ्यांचा उपयोग थोडा. तेव्हा वासावर चालणारे मिशीवाले मासे काठाच्या संथ पाण्यात गांडुळावर येतात. स्वच्छ पाण्यात बारीक दोर, लहान गळ व मळलेल्या कणकेची लहानशी गोळी हीच बरी. मोठ्या गळाने मोठा मासा मिळतो असे नाही. माशाचे तोंड केवढे ते पाहून गळ घ्यावा.

चौथी गोष्ट, हत्यार नीट राखावे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. ते नखात अडले तर धार आहे, घसरले तर कानशीवर घासावे. नायलॉनच्या दोराची गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी; कोरडी आवळली असता घासून तापते व तेथेच दोर कमजोर होतो, आणि नेमका मोठा मासा लागतो तेव्हा तुटतो. जाळे वापरून झाल्यावर चिखल धुऊन सावलीत वाळवावे, कारण नायलॉनचे सूत उन्हाने जीर्ण होते. एक घर तुटले तर त्याच रात्री विणावे. याकोब व योहान हेच करीत होते. जाळे फेकण्याचा सराव प्रथम कोरड्या मैदानावर करावा. ते गोल उघडून सर्व शिसे एकदम जमिनीस लागेपर्यंत पाण्याकडे जाऊ नये.

पाचवी गोष्ट, नदीचा स्वभाव ओळखून जीव सांभाळावा. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचे नाव नागपुरातील महाविद्यालयामुळे आपण सर्व जाणता. ह्या प्रांताच्या दगडमातीचा व गोंड लोकांच्या चालीरीतींचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळी थोड्यांनीच केला होता. परंतु १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाटाकडील जुनी दगडी वर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना एका फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. पाणी कोणाची विद्वत्ता पाहत नाही. वरच्या रानात आभाळ भरले असेल, पाण्याचा रंग पालटला असेल, काड्याकचरा वाहत येऊ लागला असेल, तर त्या क्षणी काठावर यावे. अंधारात चढलेले पाणी ओलांडू नये. विजा होत असता पाण्यात उभे राहू नये.

सहावी गोष्ट म्हाताऱ्याने सर्वांत शेवटी सांगितली, आणि ती सर्वांत मोठी आहे : सोडून देण्यास शिकावे. पहिल्या पुराबरोबर पुष्कळ जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या वेळी पोटात गाभोळी असलेली एक मादी मारिली तर हजारो पिल्ले मारिली जातात. ओढ्याच्या तोंडास बांबूचा आडवा बांध घालून सारी वाट अडविणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे करून पिल्ले गाळणे हेही तसेच. जाळ्याची घरे मोठी असावी, म्हणजे लहान मासे निसटून जातील. गळास लहान मासा लागलाच तर हात ओले करून त्यास सोडवावे. कोरड्या हाताने धरिले तर त्याच्या अंगावरील बुळबुळीत लेप निघून जातो, आणि मग सोडिलेला मासाही रोगाने मरतो.

आणि मरळ! तिची पिल्ले तांबूस रंगाची असून पाण्याच्या वरच्या थरात झुंडीने फिरतात, आणि आईबाप खाली राहून त्यांची राखण करितात. काही लोक ती झुंड पाहून तेथेच गळ सोडितात, कारण राखणारे आईबाप चिडून झडप घालितात. म्हातारा म्हणाला की, त्याच्या बापाने त्यास ह्या एका गोष्टीवरून मारिले होते. राखणारा गेला की झुंड एका दिवसात इतर माशांच्या पोटी जाते.

बंधूंनो, आता विषाचा विचार करा. हौद फोडून तहान भागविण्यासारखे हे काम आहे. डोहात औषध किंवा ब्लीचिंग पावडर ओतणारा, सुरुंगाची दारू उडविणारा, विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणारा, ह्या सर्वांस एकच खूण आहे : त्यांस काही शिकावयाचे नसते. पाणी वाचावे लागत नाही, वेळ ओळखावी लागत नाही, वाट पाहावी लागत नाही. विष हे आळशी व अकुशल मनुष्याचे हत्यार आहे. त्यात लहान मोठे, खाण्याजोगे न खाण्याजोगे, सारे एकत्र मरते. खालच्या गावची गुरे तेच पाणी पितात, आणि विजेने तर मासे धरणारा स्वतःच मेल्याची उदाहरणे घडतात. १८९७ सालच्या मत्स्यविषयक कायद्यापासून आपल्या देशात सुरुंगाने व विषाने मासे मारणे गुन्हा ठरले आहे. परंतु आम्ही आज शिपायाचे भय घालीत नाही. ज्याने पाचव्या दिवशी पाण्यास जीवजंतूंनी भरून जाण्याची आज्ञा दिली व त्यांस आशीर्वाद दिला, त्याचा आशीर्वाद आपण एका रात्रीत पुसून टाकावा काय, इतकेच विचारितो.

ह्यास उपायही आहे, पण तो एकट्याचा नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेथे गावाचे निर्णय सर्वांच्या संमतीने घेण्याची चाल आहे. आमच्या ख्रिस्ती बंधूंनीही ग्रामसभेत मागे न बसता गोंड, ढिवर व इतर शेजाऱ्यांबरोबर बसून निदान एक खोल डोह उन्हाळाभर राखून ठेवण्याचा ठराव करावा. त्या एका डोहात वाचलेले मासेच पावसाळ्यात सारी नदी पुन्हा भरितात. ह्यात अन्यधर्मीयांबरोबर बसण्याचा संकोच धरू नये. पाणी वाटून प्यावयाचे, तर त्याची राखणही वाटूनच करावी लागते.

आता उपदेशक बंधूंनो, विशेष तुम्हांकडे वळतो. प्रभूने शिमोनास सांगितले की, तू येथून पुढे माणसे धरणारा होशील. लूकाने तेथे जो ग्रीक शब्द वापरिला आहे त्याचा अर्थ नुसता धरणे असा नाही. जिवंत धरणे असा आहे. मासा धरिला की तो मरतो. परंतु प्रभूचा कोळी ज्यास धरितो तो जगावा, अशी ही आज्ञा आहे. हा शब्द आम्ही शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ आम्हास त्या डोहाच्या काठी, पांढऱ्या पोटांच्या पिल्लांमध्ये उभे असता कळला.

ज्या उपदेशकास आपल्या वहीत संख्या लवकर भरावयाची आहे, त्याच्याही हाताशी विष असते. कोणास नोकरीची आशा लावावी, कोणास धान्याची. कोणाच्या आजारपणी त्यास भिववावे. भाऊबंदांच्या भांडणात एका पक्षास आपल्याकडे ओढावे. एका रात्रीत पुष्कळ मासे वर येतात. परंतु पहाटेस जाऊन पाहा : ते जिवंत आहेत काय? आणि पुढे वर्षानुवर्षे त्या गावचे पाणी सुवार्तेस पारखे होते. शेजारी म्हणतात, ह्यांच्या हातचे पाणी नको.

ह्याउलट कुशल कोळ्याप्रमाणे करा. आधी गाव वाचा. घटकाभर बसा व ऐका. आपली सावली पुढे पडू देऊ नका; प्रभूचा प्रकाश समोर ठेवा, म्हणजे तुमची सावली आपोआप मागे जाईल. जाळे रोज धुवा व विणा. ज्या बंधूशी तुमचे बोलणे तुटले आहे ते तुटलेले घर त्याच रात्री जोडा. नव्या विश्वासणाऱ्यांची राखण मरळीप्रमाणे करा. बाप्तिस्मा देऊन पुढल्या गावी निघून जाणारा राखणदार नव्हे. आणि रिकाम्या रात्रीने खचू नका. शिमोनाने ती रात्र फुकट घालविली असे आम्ही म्हणत नाही. रात्रभर जागून ज्याने जाळे धुतले होते, त्याच्याच हाती सकाळी प्रभूच्या शब्दावरून सोडावयास धुतलेले जाळे होते.

शेवटी दुसऱ्या एका पहाटेकडे पाहू. प्रभू मेलेल्यांतून उठल्यावर शिष्य पुन्हा रात्रभर सरोवरावर होते आणि पुन्हा रिकामे होते. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी जाळे टाकिले, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे आले, तरी जाळे फाटले नाही. काठावर येऊन पाहतात तो निखारे पेटलेले, त्यांवर मासळी ठेविलेली, आणि भाकर. प्रभूस त्यांच्या माशांची गरज नव्हती. तरी त्याने त्यांस त्यांच्या हातच्या माशांतून काही आणावयास सांगितले.

बंधूंनो, त्या बाप्तिस्म्याच्या जेवणापासून आम्ही स्वतःस एकच प्रश्न विचारीत आलो आहो, तो तुम्हांसही देतो. सतीच्या काठी एखाद्या पहाटे निखारे पेटवून प्रभू बसला असेल आणि तुमच्या टोपलीतून मासे मागेल, तर टोपली त्याच्यापुढे उघडता येईल काय? डोहात औषध ओतून आणलेला मासा त्या निखाऱ्यांवर ठेववेल काय? लोभ दाखवून आणलेला मनुष्य त्याच्या हाती देववेल काय? ज्यास देववेल त्याने निर्भयपणे जाळे टाकावे. ज्यास देववणार नाही त्याने, आम्ही उशिरा केले तसे का होईना, पण शिकावयास जावे. आणि शिकविणारा आपल्या मंडळीतला नसला तरी त्याच्या पायांशी बसण्यास लाजू नये.

हे प्रभो, तू पाण्यास जीव दिलास आणि आमच्या हातांस काम दिलेस. आमच्या नद्यांस विषापासून व आमच्या मंडळ्यांस लोभापासून राख. आम्हास वाट पाहण्याचा धीर दे, सोडून देण्याचे बळ दे, आणि ज्यांस आम्ही धरू ते तुझ्यात जिवंत राहोत. आमेन.